भीड चेपण्याची विद्या

नाशिकचा माणूस गोदावरीवर जात नाही, तो गंगेवर जातो. आणि पूर्वेकडे वाहत आलेली ही नदी रामकुंडाशी दक्षिणेला वळत असल्यामुळे सूर्य उगवतो तो पंचवटीतील देवळांच्या पाठीमागून. पहाटे पश्चिमेच्या काठावर उभे राहून पाहिले, तर पाण्यात उतरून अर्घ्य देणारी माणसे पाठमोरी दिसतात, त्यांच्या काळ्या आकृतींभोवती पाणी चकाकत असते आणि हाती कॅमेरा असलेल्या नवशिक्यास त्या दृश्याचा मोह आवरत नाही. तोच मनुष्य होळकर पूल ओलांडून पंचवटीच्या अंगाला गेला, की तीच माणसे त्याच्याकडे तोंड करून उभी असतात, त्यांच्या मुखावर कोवळे ऊन पडलेले असते, भिवयांवरचे थेंब आणि ओठांची हालचालसुद्धा दिसते. परंतु येथे एक नवीन अडचण उपस्थित होते, ती ही की आता तीही त्याला पाहत असतात. पाठमोऱ्या आकृतीची परवानगी घ्यावी लागत नाही, डोळ्याला डोळा भिडला की मात्र काही बोलावे लागते. पूल ओलांडण्यास पाच मिनिटे पुरतात. पण त्या काठावरून या काठावर मनाने येण्यास कित्येकांना वर्षे लागतात, आणि रस्त्यावरच्या छायाचित्रणाचे सारे शिक्षण मला या दोन काठांच्या मधले वाटते.

रस्त्यावरचे छायाचित्रण म्हणजे सजवलेल्या दालनात, पडद्यापुढे बसवून काढलेल्या तसबिरीच्या अगदी उलट प्रकार. बाजार, घाट, गल्ली, एस. टी. चे स्थानक अशा सार्वजनिक जागी जे आपोआप घडत असते, त्यातील एखादा क्षण, कोणाला उभे न करता आणि कशाची मांडणी न बदलता टिपणे, एवढीच त्याची व्याख्या. त्याला भांडवल थोडे लागते, आता तर खिशातील मोबाइलही पुरतो. लागते ते धैर्य. मराठीत ‘भीड ही भिकेची बहीण’ अशी जी म्हण आहे, तिच्यात संकोच आणि दारिद्र्य यांचे नाते आपल्या पूर्वजांनी नेमके हेरले आहे. कोणापुढे जाण्याचा, दोन शब्द बोलण्याचा, आपल्या कामाचे मोल सांगण्याचा ज्याला संकोच, त्याच्या अंगी कितीही गुण असले तरी चरितार्थ चालणे कठीण; आणि ही भीड चेपण्याची जी काही साधने मी पाहिली, त्यांत कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरण्याइतके स्वस्त आणि हुकमी साधन दुसरे नाही.

या विषयात नाशिक जिल्ह्याचा सर्वांत मोठा दाखला त्र्यंबकेश्वरचा आहे. तेथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. परंतु त्याआधीची कितीतरी वर्षे ते छायाचित्रणावर पोट भरण्याची खटपट करीत होते, हा त्यांच्या चरित्रातील भाग मला अधिक जवळचा वाटतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकून त्यांनी १८९५च्या सुमारास गोध्रा येथे छायाचित्रकाराचा धंदा मांडला. तेथे प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल हिरावून नेले. बडोद्यास परत येऊन त्यांनी पुन्हा दुकान थाटले, तर कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि त्याने मृत्यू ओढवतो अशी वदंता गावात पसरून गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. राजघराण्यातील व्यक्तीसुद्धा आयुष्य घटेल या भयाने कॅमेऱ्यासमोर येण्यास नाखूष होती. पुढे १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून त्यांना नोकरी मिळाली. तिचा राजीनामा देऊन ते शिळाप्रेस आणि ब्लॉक करण्याच्या उद्योगाकडे वळले, आणि या साऱ्या आडवाटांनी हाताला जे वळण लागले होते, डोळ्याला जी पारख आली होती, तिच्या बळावर ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट लोकांपुढे आला. त्यातील तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा त्यांनी एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके हेरले. चेहरा पाहून त्यातील शक्यता ओळखणे हे रस्त्यावरच्या छायाचित्रकाराचेच काम. पुढे फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकास हलविला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी याच गावी त्यांचा अंत झाला.

फाळक्यांच्या काळी भय होते ते कॅमेऱ्यापुढच्या माणसाला. आज ते कॅमेऱ्यामागे येऊन बसले आहे. ज्याच्या त्याच्या हाती कॅमेरा आहे, रामकुंडावर दिवसाकाठी हजारो छायाचित्रे निघत असतील, पण त्यांतील बहुतेक स्वतःची किंवा स्वतःच्या कुटुंबाची. अनोळखी माणसाकडे वळताना हात आखडतो. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलालाही पडतो आणि निवृत्त कारकुनालाही. स्त्रियांच्या बाबतीत तर तो दुप्पट कठीण. म्हणून होमाई व्यारावाला यांचे उदाहरण मी आवर्जून देतो. नवसारीत १९१३ मध्ये जन्मलेली आणि जे. जे. कलाशाळेत शिकलेली ही पारशी तरुणी अवजड कॅमेरा घेऊन, साडी नेसून, पुरुषांच्या गर्दीत उभी राही. आपल्या पहिल्या प्रसिद्ध छायाचित्रांबद्दल तिला वर्तमानपत्राकडून प्रत्येकी एक रुपया मिळाला होता, आणि त्या रुपयापासून सुरू झालेली वाट २०११च्या पद्मविभूषणापर्यंत गेली.

भीड कशी चेपते, हे नाशिकपुरते सांगायचे तर मी प्रथम बुधवारचा बाजार सांगेन. दर बुधवारी गंगेच्या काठावर जो आठवडे बाजार भरतो, त्यात धान्य, भाजी, दोरखंड, सुपे-टोपल्या, लोखंडी अवजारे असे नाना जिन्नस घेऊन आसपासच्या खेड्यांतील माणसे बसतात, आणि बाजार ही अशी जागा आहे की तेथे अनोळखी माणसाने अनोळखी माणसाशी बोलणे हाच रिवाज असतो. पहिल्या बुधवारी कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. पावशेर मिरच्या घ्याव्यात, पाऊसपाण्याची चौकशी करावी. दुसऱ्या खेपेस चेहऱ्याकडे न जाता हात टिपावेत: तराजू तोलणारे, जुडी बांधणारे, सुटे पैसे मोजणारे; हातांचे छायाचित्र मागण्यास संकोच कमी वाटतो आणि देणाऱ्यासही तो नसतो. मग एखाद्या बुधवारी ‘मावशी, एक फोटो काढू का?’ हे शब्द तोंडातून सहज निघून जातात. मावशी नाही म्हणाल्या तर हसून पुढे जावे. नकार ऐकून घेता येणे हा या विद्येतील फार मोठा धडा आहे, कारण पुढे धंद्यात दहा ठिकाणी विचारल्यावर नऊ ठिकाणी नकारच मिळणार असतो.

आणि चौथ्या किंवा पाचव्या बुधवारी ते छायाचित्र कागदावर छापून मावशींच्या हातात द्यावे. या एका कृतीचे महत्त्व मी कितीही सांगितले तरी थोडेच. ज्या घरात लग्नाखेरीज दुसरी तसबीर नाही, तेथे तो कागद भिंतीवर जातो. शेजारच्या ओटीवरचा भाजीवाला आपण होऊन बोलावतो. आणि देणाऱ्याच्या मनात, आपण कोणाचे काही चोरून नेत नसून काही आणून देत आहोत, ही जाणीव रुजते, तिच्यापुढे संकोच टिकत नाही. फाळक्यांच्या काळी कॅमेरा माणसाचे सत्त्व घेऊन जातो असे जे वाटे, त्या शंकेचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांनी या छापील कागदानेच द्यावयाचे आहे.

तंत्राची गोष्ट थोडक्यात आटोपतो, कारण ती अल्पावधीत येते. चालत्या माणसासाठी शटरचा वेग सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या खाली येऊ देऊ नये. भिंग मधल्या छिद्रावर ठेवून अंतर आधीच जमवून ठेवले, तर ऐन क्षणी यंत्राशी झटापट करावी लागत नाही. जर्मनीतील लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला आणि हाताच्या तळव्यात मावणाऱ्या त्या यंत्रामुळेच आंरी कार्तिए-ब्रेसाँसारखे फ्रेंच छायाचित्रकार गर्दीत मिसळू शकले, हे खरे. परंतु त्यांचे मोठेपण यंत्रात नव्हते, क्षण येण्याआधी तो येणार हे ओळखून उभे राहण्यात होते.

असे उभे राहण्याचा अभ्यास करण्यास जुने नाशिक ही अपूर्व पाठशाळा आहे. जुन्या तांबट आळीत ठोक्यांचा नाद आधी कानी येतो, मग अंधाऱ्या खोलीत दारातून येणारा एकच उजेडाचा पट्टा दिसतो, आणि हातोडी वर गेली की हंड्याच्या कडेवर तो क्षणभर लखलखतो. ठोक्यांची लय कानाने पकडल्याशिवाय तो क्षण डोळ्याला सापडत नाही. रंगपंचमीला तिवंधा आणि शनी चौकात पेशवेकालीन रहाडी, म्हणजे वर्षभर मातीखाली बुजवून ठेवलेले रंगाचे हौद, उघडल्या जातात आणि तरुण त्यांत धप्पा मारतात, तेव्हा कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणि पाय रोवून उभे राहावे लागते. आणि नदीतला दुतोंड्या मारुती तर गावाची पूरमापक पट्टीच आहे. पाणी गुडघ्याला लागले, छातीला लागले, डोक्यावरून गेले, अशा शब्दांत नाशिककर पावसाळा मोजतो. एखाद्याने दहा वर्षे, दर महिन्यास, एकाच जागेवरून त्या मारुतीचे आणि त्याच्या पायाशी वावरणाऱ्या माणसांचे छायाचित्र घेतले, तर ते कलेचेही काम होईल आणि गावाच्या दप्तरातला अस्सल दस्तऐवजही होईल. सृजनशीलता म्हणजे रोज नवी जागा शोधणे असा समज आहे. माझा अनुभव असा, की एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्यानेच डोळा आळस टाकतो.

एक मर्यादा मात्र स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. रामकुंडावर अस्थिविसर्जन आणि दशक्रिया विधी नित्य चालू असतात, स्त्रिया स्नान करीत असतात. जागा सार्वजनिक आहे म्हणून तेथील दुःख आणि देह सार्वजनिक होत नाहीत. डोके भादरून बसलेल्या मुलाच्या तोंडासमोर भिंग नेणाऱ्याची भीड चेपलेली नसते, त्याची लाज गेलेली असते, आणि या दोहोंतील भेद ज्याला कळत नाही त्याने हा छंद न धरलेला बरा. मुलांच्या बाबतीत आईबापांची संमती घ्यावी. देवालयांत मनाई असेल तेथे हुज्जत घालू नये.

आता पोटाचा प्रश्न. रस्त्यावरची छायाचित्रे विकून घर चालविणारा मनुष्य जगात विरळा, हे तरुणांना आधीच सांगितले पाहिजे. पॅरिसच्या गल्ल्या, दुकाने, जिने आणि फेरीवाले आयुष्यभर टिपणारे यूजीन आत्जे आपल्या दारावर ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ अशी पाटी लावून चित्रकारांना, कारागिरांना आणि संग्रहालयांना छायाचित्रे विकीत. १९२० मध्ये त्यांनी २,६०० हून अधिक काचेच्या निगेटिव्ह फ्रेंच सरकारला एकरकमी विकल्या. म्हणजे त्यांनीही ‘कला’ विकली नाही, उपयोगाची वस्तू विकली. आपल्याकडे मुंबईचे सुधारक ओलवे यांनी वृत्तपत्राची नोकरी सांभाळून महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जे जीवन टिपले, त्याने त्यांचे नाव झाले आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भाकरी मात्र नोकरीनेच दिली. भाकरीचा दरवाजा बाजूला असतो, आणि तेथपर्यंत पोहोचण्याची नजर व धीटपणा रस्ता देतो.

नाशिक जिल्ह्यात असे बाजूचे दरवाजे पुष्कळ आहेत. लग्नसराई तर आहेच, आणि ज्याने बाजारात अनोळखी चेहरे टिपले आहेत तो मंडपात नवरीच्या बापाचे भरून आलेले डोळे इतरांपेक्षा आधी पाहतो. येवल्याच्या पैठणी विणणाऱ्याला आपला माग आणि आपला पदर दूरच्या गिऱ्हाइकाला दाखवावयाचा असतो; द्राक्षबागाईतदाराला परदेशी पाठविण्याच्या मालाची, सातपूर-अंबडच्या कारखानदाराला आपल्या यंत्रांची आणि कामगारांची चांगली छायाचित्रे हवी असतात. मालेगावचे नासिर शेख लग्नांच्या चित्रफिती काढता काढता हौशी चित्रपटांकडे वळले आणि त्यांच्या ‘मालेगाव के शोले’ने यंत्रमागांच्या त्या गावाचे नाव देशभर केले. अशी कामे मागण्यास दारात उभे राहावे लागते आणि ‘माझा मेहनताना इतका’ असे सांगावे लागते. येथे बुधवारच्या बाजारातील शिकवणी कामी येते. कायद्याची एक बाब मात्र ध्यानात ठेवावी: १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे छायाचित्राचा हक्क मुळात काढणाऱ्याचा असतो, परंतु मोबदला देऊन कोणी ते काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास तो हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणून कामाआधी दोन ओळींचा का होईना, लेखी करार करावा. भिडेपोटी कागद न मागितल्याने पुढे पस्तावलेले लोक मी पाहिले आहेत.

जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणे ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहणाने नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ कुंभमेळा सुरू होतो, आणि मुख्य स्नाने २०२७च्या पावसाळ्यात आहेत. त्या वेळी जगभरचे नामांकित छायाचित्रकार येथे मुक्काम ठोकतील, साधूंच्या मिरवणुका टिपतील आणि निघून जातील. पण कोणत्या गल्लीत कोणत्या महिन्यात ऊन किती वाजता उतरते, घाटावरची कोणती मावशी कोणत्या पायरीवर बसते आणि तिला कोणत्या नावाने हाक मारावी, हे त्यांना ठाऊक नसणार. ते ज्याला ठाऊक आहे अशा नाशिककर मुलामुलींनी हे काम आतापासून हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. येत्या बुधवारी गंगेवर जा. जाताना, मागच्या खेपेस ज्यांचे छायाचित्र काढले असेल, त्यांची छापील प्रत बरोबर न्या.