कूलिंग टॉवरमधला बर्फ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चंद्रपूर, कोराडीच्या वीजकेंद्रांत कूलिंग टॉवरची कसोटी लागते ती उन्हाळ्यात. पोलंड, उत्तर चीन किंवा कॅनडात मात्र हिवाळा जड जातो. एक घनमीटर बर्फाचे वजन सुमारे 900 किलो. टॉवरच्या कडेला तो साचत गेला, की पाणी पसरवणारे प्लॅस्टिकचे थर, म्हणजे फिल, त्या भाराखाली मोडून पडतात. हे टाळता येते. पण त्यासाठी काही समजुती आधी दूर करायला हव्यात.

गैरसमज : कंडेन्सरमधून (टर्बाइनमधल्या वाफेचे पाणी करणाऱ्या यंत्रातून) आलेले पाणी गरम असते, ते गोठणार नाही.
वस्तुस्थिती : टॉवरभर पाणी सारखे थंड होत नाही. हवा जिथून आत शिरते, तिथे सर्वांत गार हवा थोड्याशा पाण्याला भिडते. टॉवरखालच्या हौदातले पाणी 15 अंशांवर असले तरी कडेचे थेंब आणि लूव्हरवर, म्हणजे हवेच्या तोंडावरच्या तिरप्या पट्ट्यांवर, उडालेले शिंतोडे गोठतात.

गैरसमज : थंडीत पाणी कमी सोडले तरी भागते.
वस्तुस्थिती : विरळ धार लवकर गोठते. म्हणून भार कमी असेल, तर टॉवरचे काही सेल (स्वतंत्र कप्पे) पूर्ण बंद करून उरलेल्या सेलमध्ये भरपूर पाणी सोडतात. मोठ्या टॉवरमध्ये मधल्या भागाचे पाणी कडेकडे वळवतात. टॉवर सुरू करताना पाणी बायपासने थेट हौदात सोडतात आणि पुरेसे तापल्यावरच फिलवर घेतात.

गैरसमज : पंखे नसलेल्या उंच टॉवरला धोका कमी.
वस्तुस्थिती : तिथे आतल्या उबदार आणि बाहेरच्या गार हवेच्या घनतेतील फरकामुळे हवा वर ओढली जाते. थंडी वाढली की हा ओढाही वाढतो, आणि बंद करायला पंखाच नसतो. म्हणूनच उत्तर चीनमध्ये हवेच्या तोंडावर फळ्या टांगून ती वाट अरुंद करतात.

गैरसमज : पंखा उलटा फिरवत ठेवला की बर्फाची चिंता मिटली.
वस्तुस्थिती : उलट्या पंख्याने उबदार हवा लूव्हरकडे जाते आणि बर्फ वितळतो, हे खरे. पण हा उपाय मंद वेगाने, काही मिनिटांपुरताच करायचा. जास्त वेळ चालला तर पात्यांवरच बर्फ धरतो आणि पंख्याचा तोल जातो. दिशा बदलण्यापूर्वी पंखा पूर्ण थांबू द्यावा लागतो.

गैरसमज : पाणी जितके गार, तितकी वीज जास्त.
वस्तुस्थिती : हे एका मर्यादेपर्यंतच खरे. कंडेन्सरमधला दाब ठरावीक पातळीखाली गेल्यावर टर्बाइनची शक्ती वाढत नाही. उलट वाफेपासून बनलेले पाणी जास्त गार झाले, तर बॉयलरसाठी ते पुन्हा तापवायला जास्त इंधन लागते. त्यामुळे हिवाळ्यात टॉवरचे पाणी थोडे उबदार ठेवल्याने तोटा होत नाही.

साचलेला बर्फ हातोड्याने फोडणे सर्वांत घातक : फिल फुटते आणि खालच्या माणसाच्या जिवावर बेतते. बर्फ वितळवायला लागणारी ऊब वीजकेंद्रातल्या पाण्यातच असते. रात्रपाळीच्या फेरीत कडेवरचा पहिला थर दिसताच ती तिकडे वळवली, तर टॉवरही वाचतो आणि माणसेही.