हाताला मुंग्या येतात? आधी व्यायाम, ऑपरेशन शेवटी



सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी आली की वस्तीतल्या बैठकीत एक तक्रार हमखास येते. "ताई, रात्री हात बधिर होतो. करंगळीला मुंग्या येतात. हात वर केला की भरून येतो." बाजार समितीत कट्टे उचलणारे भाऊ, घमेली वाहणाऱ्या बाया, शिलाई मशीनवर वाकलेल्या मुली, सगळे हेच सांगतात. कोणी याला वायू म्हणतं, कोणी लकव्याची सुरुवात. घाबरून कर्ज काढण्याआधी हे दुखणं समजून घेऊ.

मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या गळ्याखालचं आडवं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या अरुंद वाटेने जातात. ही वाट दबली की होणाऱ्या त्रासाला डॉक्टर थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. कारणं अनेक: खांद्यावरचं ओझं, हात वर धरून तासन्‌तास काम, वाकून बसणं, मानेला मार. काहींना जन्मतःच मानेत एक जास्तीची बरगडी असते. साध्या एक्स-रेत ती दिसते, पण ती असलेल्या पुष्कळांना काहीच त्रास नसतो. म्हणून एक्स-रे पाहून लगेच ऑपरेशनचा निर्णय नको.

दहापैकी नऊपेक्षा जास्त रुग्णांत दबते ती नस. तिथे पहिला उपचार व्यायामच. १९५६ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी या दुखण्याला आजचं नाव दिलं, तो लेखही व्यायामाच्या उपचारावरच होता. फिजिओथेरपिस्टकडून मानेचे आणि छातीचे स्नायू सैल करणारे, पाठीचे पंखे मागे खेचणारे आणि पोटाने श्वास घेण्याचे व्यायाम शिकून घ्या. ते रोज, निदान दोन-तीन महिने करावे लागतात. चार दिवसांत गुण येत नाही म्हणून सोडू नका. दुखऱ्या खांद्याला पिशवी अडकवू नका, हात डोक्याखाली घेऊन झोपू नका, जड ओझं दोन खेपांत न्या. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच, जेवणानंतर घ्या. मान मोडून घेऊ नका.

एवढं करूनही काही महिन्यांत फरक पडला नाही, पकड कमी होत गेली किंवा पंजाचं मांस झडू लागलं, तरच ऑपरेशनचा विचार होतो. त्यात पहिली किंवा जास्तीची बरगडी काढतात, ताठर स्नायू कापतात. नसेला किंवा फुप्फुसाला इजा होण्याचा धोका असतो. म्हणून हे काम अनुभवी सर्जनकडेच करावं आणि त्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं.

दोन प्रसंगी मात्र वाट पाहू नका. हात अचानक सुजला, निळसर झाला, तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. असा हात चोळू नका, तेल लावून मालिश करू नका. गाठ विरघळवण्याचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत जास्त चालतो. हात गार, पांढरा पडला किंवा बोटं काळी पडू लागली, तर धमनी बंद होत असू शकते. दोन्ही वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. छातीत दुखून डावा हात दुखत असेल, किंवा तोंड वाकडं होऊन हात लुळा पडला असेल, तर तो वेगळा आजार आहे. लगेच १०८ ला फोन करा.

प्रत्येक मुंगी या आजाराची नसते. मानेचा मणका, मनगटात दबलेली नस, साखर यांनीही हात बधिर होतो. अंगावर न दुखणारा, न खाजणारा बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर हात वाचतो. यात लाजण्यासारखं काही नाही.

सुरुवात ग्रामीण रुग्णालयातून किंवा बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयातून करा, फिजिओथेरपीची चिठ्ठी मागून घ्या. मोठ्या तपासण्यांसाठी अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी जवळ पडते. ऑपरेशन ठरलं तर पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. आपलं ऑपरेशन त्यात कोणत्या नावाने बसतं ते विचारा. चौकशीचा क्रमांक १५५३८८.

शेवटचं घरातल्यांसाठी. आपलं पोट हातावर आहे, म्हणून बाई दुखणं अंगावर काढते. व्यायामाला रोज पंधरा मिनिटं आणि खांद्याला विसावा तिला तेव्हाच मिळेल, जेव्हा पाण्याचा हंडा घरातला दुसरा कोणी उचलेल. दादा, भाऊ, मुलांनो, हा उपचार तुमच्या हातात आहे. आजपासूनच सुरू करा.