उंबर : फुले आत, फळे खोडावर

जबलपूरच्या परिसरात नर्मदेकाठी आणि ओढ्यानाल्यांच्या ओलाव्याला उंबर चांगला पोसतो. स्थानिक लोक त्याला गूलर म्हणतात. शास्त्रीय नाव फायकस रेसिमोसा. भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत हा वृक्ष नैसर्गिकरीत्या आढळतो.

उंबर वड-पिंपळाचा भाऊबंद, पण वडासारख्या पारंब्या त्याला सुटत नाहीत. पाने लांबट व टोकदार असतात. त्यांच्यावर पुष्कळदा फोडांसारख्या गाठी दिसतात. त्या एका छोट्या किडीमुळे येतात. पान खुडले की पांढरा चीक ओघळतो. फळांचे घोस थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लगडतात. कच्ची फळे हिरवी, पिकली की केशरी-लाल.

उंबराला फूल येत नाही, हा समज चुकीचा आहे. कोवळे फळ उभे चिरून भिंगातून पाहा. आतल्या पोकळीला चिकटून असंख्य बारीक फुले दाटीने बसलेली दिसतील. फळाच्या टोकाच्या छिद्रातून वरट नावाच्या चिलटाएवढ्या कीटकाची मादी परागकण घेऊन आत शिरते. ती फुलांचे परागण करते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर फळाला भोक पाडतात. त्यातून नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात.

ही वरट नसेल तर उंबराचे बी धरत नाही आणि उंबर नसेल तर वरटीचा वंश खुंटतो. पिकलेल्या फळांवर पक्षी, वटवाघळे, माकडे जगतात. म्हणून काठावरचा एकेक उंबर राखलाच पाहिजे.