नवे पिल्लू घरी येते तेव्हा

गेल्या वर्षी पावसाळा सरत आला असता एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही दाराशी येतो न येतो तोच आमच्या धर्मग्रामातील एक माउली आपल्या दहा वर्षांच्या मुलाचा हात धरून पुढे आली. मुलाचे डोळे रडून लाल झाले होते. ती म्हणाली, “फादर, तुम्हीच ह्याला दोन शब्द सांगा. मावशीच्या गावाहून कुत्र्याचं पिल्लू घेऊन आलाय. आठ दिवस झाले. पडवी म्हणू नका, स्वयंपाकघर म्हणू नका, भाताची पोती म्हणू नका, सगळीकडे घाण करून ठेवलीय. मारून मारून हात दुखले. ह्याचे बाबा म्हणतात, येत्या बाजाराला नेतो आणि तिथंच सोडून येतो.”

मुलगा खाली मान घालून उभा होता. तो एवढेच म्हणाला, “फादर, ते मुद्दाम नाही करत.”

वाचकहो, मुलाला दोन शब्द सांगावेत म्हणून आम्हांस विनंती करण्यात आली होती. परंतु त्याचे ते चार शब्द ऐकून आम्हीच ओशाळलो. कारण या विषयाच्या परीक्षेत आम्ही स्वतः एकदा सपशेल नापास झालो आहोत.

आमची फजिती

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नुकतेच धर्मगुरू होऊन एका गावी साहाय्यक म्हणून गेलो होतो. तेथील एका शेतकऱ्याने आम्हांस एक पांढरेशुभ्र गावठी पिल्लू दिले. त्याचे नाव आम्ही मोत्या ठेविले. दुसऱ्याच दिवशी मोत्याने आमच्या लिहिण्याच्या खोलीत घाण केली. कोणा अनुभवी म्हणविणाऱ्या गृहस्थाने सल्ला दिला की, त्याचे नाक त्या घाणीत घासावे आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन तडाखे द्यावेत. आम्ही तसे केले. एकदा नव्हे, अनेकदा केले.

चारसहा दिवसांत मोत्याने आमच्यादेखत घाण करणे थांबविले. आमची युक्ती फळली असे समजून आम्हांस आनंद झाला. पुढे एके दिवशी कपाट हलविले तेव्हा त्याच्यामागे काय दडले होते ते दिसले, आणि आमचा संताप अनावर झाला. यानंतर आम्ही नुसते जवळ गेलो तरी मोत्या जमिनीशी चपापून बसे आणि जागच्या जागी त्याची लघवी होई. हा आपला उद्धटपणे केलेला अपमान आहे असे आम्हांस वाटले. ती निव्वळ भीती होती, हे आम्हांस फार उशिरा कळले.

तीनएक महिन्यांचा झाल्यावर मोत्या रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीत जाऊन राहिला. आमचा पांढरा झगा दिसला की तो शेपूट पायांत घालून बाकाखाली शिरे. विशेष हे की, त्या टपरीत त्याने कधीही घाण केली नाही. आम्ही एकदा टपरीवाल्यास त्याचे रहस्य विचारले. तो बिचारा गोंधळला. “रहस्य कसलं, फादर? पहाटे भट्टी पेटवताना त्याला मागच्या माळावर सोडतो. त्याने खाल्लं की पुन्हा सोडतो. एवढंच.”

एवढेच! आम्ही वर्तमानपत्राने जे साधू शकलो नाही, ते त्या मनुष्याने दार वेळेवर उघडून साधले होते.

पिल्लू असे का करते?

जन्मतः पिल्लाला आपला देहधर्म स्वतः उरकता येत नाही. आई जिभेने चाटते तेव्हाच त्याचे मलमूत्र बाहेर पडते, आणि ती ते लगेच साफही करते. सुमारे तीन आठवड्यांचे झाले की पिल्लू आपण होऊन निजण्याच्या जागेपासून थोडे दूर जाऊन विधी करू लागते. आपले अंथरूण स्वच्छ ठेवण्याची बुद्धी त्याला निसर्गानेच दिलेली असते. मात्र ‘अंथरूण कोठे संपते आणि बाहेर कोठे सुरू होते’ याविषयी त्याची कल्पना आपल्याहून निराळी असते. आपल्या दृष्टीने पडवी, माजघर आणि देवघराचा कोपरा हे सारे मिळून घर. त्याच्या दृष्टीने आपल्या गोणपाटापासून चार हात दूर म्हणजे परगाव. मग भाताच्या पोत्यामागे जाऊन बसणारे पिल्लू आपल्या समजुतीप्रमाणे शिष्टाचारच पाळीत असते.

दुसरे असे की, दोन महिन्यांच्या जिवाला दम धरवत नाही. जितके महिने वय, फार तर तितके तास ते कळ सोसू शकते, असा ढोबळ हिशेब आहे. जागे राहून खेळत असेल तर तितकेही नाही. अशा पिल्लाला सकाळी कोंडून शेतावर गेलो आणि दुपारी परतलो, तर घरातील घाणीचा दोष कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

वेळ आणि जागा

तेव्हा सारा अभ्यास दोनच गोष्टींचा आहे: वेळ आणि जागा.

वेळा ठरलेल्या आहेत. झोपेतून उठल्याबरोबर, खाणे झाल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी पिल्लाला बाहेर न्यावे. दिवसा जागे असताना सुरुवातीस तासातासाने नेले तर उत्तमच. ते जमीन हुंगू लागले, स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागले किंवा खेळ टाकून कोपऱ्याकडे वळले, की वेळ भरली असे समजून त्याला लगेच उचलावे.

जागा परसातली एकच असावी. तेथे पूर्वीचा वास राहतो व पिल्लाला त्यावरून आठवण होते. तेथे उभे राहून त्याच्याशी खेळू नये. एखादा ठरावीक शब्द उच्चारावा व पाच मिनिटे वाट पाहावी. विधी होताच, त्याच क्षणी, शाबासकी द्यावी आणि भाकरीचा लहानसा तुकडा हातावर ठेवावा. घरात परतल्यावर दिलेली शाबासकी फुकट जाते. पिल्लाला वाटते की ती घरात आल्याबद्दल मिळाली. काहीच झाले नाही तर त्याला आत आणून नजरेखाली ठेवावे व पाव तासाने पुन्हा न्यावे.

आमच्या या खानापूर-बेळगावकडच्या भागात पावसाळ्याची एक निराळीच अडचण असते. मुसळधार पावसात पिल्लू अंगणात पाऊल टाकीत नाही. अशा वेळी वळचणीखाली घमेलेभर कोरडी माती पसरून ठेवावी. पायांखाली मातीच लागल्याने मातीची सवय मोडत नाही. जुने कापड किंवा तरट ठेवू नये, नाहीतर पुढे अंथरूण-पांघरूण हीच आपली जागा असे ते धरून चालते.

पहिले काही आठवडे पिल्लाला सारे घर मोकळे देऊ नये. पडवीचा एक कोपरा फळी आडवी लावून त्याला द्यावा. तेथे गोणपाट, पाण्याचे भांडे आणि चघळण्यास एखादी दोरी असावी. घरातले कोणी लक्ष ठेवण्यास मोकळे असेल तेव्हाच त्याला इतरत्र फिरू द्यावे. दिवसभर आखूड दोरीने खांबाला बांधणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने पिल्लू चिडके होते.

मार आणि सफाई

घाण करताना पिल्लू प्रत्यक्ष सापडले तर एक टाळी वाजवावी, उचलावे आणि बाहेर न्यावे. नंतर सापडले तर मुकाट्याने पुसून टाकावे. घडून गेलेल्या गोष्टीची शिक्षा पिल्लाला कळत नाही. ते कान पाडून उभे राहते ते पश्चात्तापाने नव्हे, तर आपला चढलेला आवाज आणि उगारलेला हात पाहून. मार देऊन ते ‘घरात करू नये’ हे शिकत नाही. ‘माणसासमोर करू नये’ एवढेच शिकते. मग ते परसातही आपल्यासमोर काही करीत नाही आणि कपाटामागे मात्र करते. मोत्याने आम्हांस हेच शिकविले होते.

साफ करताना फरशी असेल तर कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने पुसून, साध्या पाण्याने धुऊन, कोरडी करावी. अमोनिया असलेली औषधे टाळावीत. त्यांचा वास लघवीसारखाच असल्याने पिल्लू पुन्हा तेथेच येते. फिनेल वापरले तर जमीन पूर्ण वाळेपर्यंत पिल्लाला तेथे जाऊ देऊ नये, कारण ते पाय चाटते. सारवलेली जमीन असेल तर ओली माती खरवडून काढावी आणि नव्याने सारवावे.

पहिल्या रात्री

आठ आठवडे पुरे होण्यापूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये. आणताना आईच्या अंगाचा वास असलेला फडक्याचा तुकडा बरोबर आणावा. पहिल्या रात्री ते रडते ते हट्टाने नव्हे. भावंडांच्या उबेवाचून काढलेली ती त्याच्या आयुष्यातली पहिलीच रात्र असते. त्याला एकटे गोठ्यात न टाकता खोक्यात गोणपाट घालून कोणाच्या तरी अंथरुणाशेजारी निजवावे, रात्रीतून एकदोनदा गुपचूप बाहेर नेऊन आणावे आणि आठपंधरा दिवसांत खोका हळूहळू पडवीकडे सरकवावा.

खाणे थोडे थोडे, दिवसातून तीनचार वेळा आणि ठरल्या वेळी द्यावे. खाण्याची वेळ नेमस्त असली की बाहेर जाण्याची वेळही नेमस्त होते. गाईचे दूध भरपूर पाजल्यास कित्येक पिल्लांना हगवण लागते. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे व मनुका देऊ नयेत; नाताळच्या केकचा तुकडा मुले प्रेमाने भरवितात, पण त्यातील मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक ठरू शकतात. कोंबडीची शिजलेली हाडेही नकोत. ती टोकदार फुटून आतड्यात रुततात.

चावा आणि लस

आता त्या मुलाच्या हाताकडे वळू. आईने धरलेला हात सोडून दुसऱ्या हातावर हळद माखलेली आम्हांस दिसली. विचारता ती माउली म्हणाली, “खेळताना दात लागला, फादर. एवढंसं पिल्लू, त्याचं काय व्हायचंय?” आम्ही पिल्लाचा विषय तेथेच थांबविला व मुलाला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाठविले. तेथे त्याला लस सुरू करण्यात आली.

रेबीज झालेला मनुष्य, लक्षणे दिसू लागल्यावर, जवळजवळ कधीही वाचत नाही. आणि हा रोग लहान पिल्लालाही होतो. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद किंवा चुना लावू नये आणि तडक दवाखाना गाठावा. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या एका मुलास ही लस प्रथम टोचविली व तो वाचला. त्यानंतर इतका काळ लोटल्यावर एखादे मूल हळदीच्या भरवशावर दगावावे, हे आपणांस शोभणारे नाही. शेजारच्या गोव्यात गावोगाव कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम नेटाने चालविल्यावर २०१८ व २०१९ या दोन वर्षांत एकही मनुष्य या रोगाने दगावल्याची नोंद झाली नाही.

पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे ती पुन्हा देत जावी. पार्व्हो नावाचा रक्ताच्या हगवणीचा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. तो असंख्य पिल्ले मारतो आणि त्याचे विष मातीत महिनोन्‌महिने टिकते. म्हणून त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत ठरल्या अंतराने पुरी करावी. जंताचे औषधही तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्यास द्यावे. पिल्लाच्या पोटातील जंत मुलांनाही बाधतात.

पंधरा दिवसांची मुदत

त्या रविवारी सायंकाळी आम्ही त्या घरी गेलो. पिल्लू सोडून देण्यासंबंधी घरधन्याशी आमचे बोलणे झाले. जनावराला उपाशी-तहानलेले मरण्यासाठी सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आम्ही त्यांना सांगितले खरे. पण कायद्यापेक्षा मोत्याची गोष्टच त्यांच्या मनास अधिक लागली असे आम्हांस वाटते. त्यांनी पिल्लाला पंधरा दिवसांची मुदत दिली, आणि आम्ही वर लिहिलेले सारे मुलाच्या वहीत उतरवून दिले.

मुदत संपल्यावर आम्ही पुन्हा गेलो. घाण पूर्णपणे थांबली होती असे नाही. आदल्याच दिवशी स्वयंपाकघरात एक प्रमाद घडला होता. पिल्लू पक्के होण्यास वयाचे चारसहा महिने लागतात, काहींना त्याहूनही अधिक, हे आम्ही आधीच सांगून ठेविले होते. शिकलेले पिल्लू अचानक बिघडले, लघवीला कुंथू लागले किंवा रक्त दिसले, तर तो आजार समजून पशुवैद्याकडे न्यावे, हेही सांगितले.

तेवढ्यात पिल्लू परसातून धावत आले. त्याच्या गळ्यात नवा तांबडा पट्टा होता. घरधनी जरा संकोचून म्हणाले, “बाजाराला नेलं होतं, फादर. पट्टा घ्यायला.” मग मुलाने हळूच सांगितले की, पहाटे गोठ्यात जाताना बाबाच त्याला उठवून बाहेर नेतात.

घरी परतताना आमच्या मनात मोत्याच होता. त्याला आमच्याकडून हवे होते ते फार थोडे होते: पहाटे उघडलेले एक दार आणि दाराशी थांबलेला एक शांत मनुष्य. ज्या घरी नवे पिल्लू आले असेल त्या घरच्या मंडळींनी हात उगारण्यापूर्वी घड्याळाकडे पाहावे आणि आपण दार वेळेवर उघडले होते काय, असे स्वतःस विचारावे.