धाकानं वाढते पाठ!

युरोपातल्या तळ्यांत क्रूशियन कार्प नावाचा मासा राहतो. गोल्डफिशचा हा जवळचा नातलग दिसायला साधाभोळा, पण अंगी करामत मोठी! तळ्यात पाईक हा शिकारी मासा आला, की काही आठवड्यांत याची पाठ उंच होते, पोट खाली उतरतं आणि सडपातळ मासा चांगला रुंद होतो. ख्रिस्टर ब्रोनमार्क आणि जेफ्री मायनर यांनी १९९२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात हे मांडलं. पाईक भक्ष्य अख्खं गिळतो. जबड्यात मावत नाही ते वाचतं. मग सगळेच कार्प जन्मभर रुंद का नसतात? रुंद अंगानं पाणी कापायला जास्त ताकद लागते. शत्रू नसेल तर हा खर्च कोण करणार?

शत्रू डोळ्यांना दिसायलाही हवा असं नाही, पाण्यातला वास पुरतो. मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडल्याबद्दल १९७३ साली नोबेल मिळालेले कार्ल फॉन फ्रिश यांनी त्याच्या कितीतरी आधी पाहिलं होतं, की एका मिनो माशाची कातडी फाटली, की त्यातून सुटणाऱ्या द्रव्यानं अख्खा थवा उधळतो.

मला सर्वांत चटका लावतो तो अमेरिकेतला ब्लूगिल. अर्ल वर्नर आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली छापलेल्या प्रयोगात तळं पडद्यानं दुभागून एका बाजूला बास हे शिकारी मासे सोडले. त्या बाजूची ब्लूगिलची पिल्लं पाणवनस्पतींत दडून बसली. खाणं उघड्या पाण्यात जास्त, पण जायचं कसं? अर्धपोटी राहून ती हळू वाढली, म्हणजे गिळता येईल एवढ्याच आकारात जास्त दिवस अडकली. बासच्या घशात न मावणारे मोठे ब्लूगिल मात्र खुशाल बाहेर चरत राहिले.

आपल्याकडचे मत्स्यशेतकरी हे गणित पक्कं ओळखून आहेत. तळ्यात रोहू-कटल्याचं बारीक बीज सोडण्यापेक्षा बोटाएवढी वाढलेली बोटुकली जास्त जगते. त्याआधी मरळ, शिवडा असे शिकारी मासे काढायचे, हवी तर मोहाची पेंड टाकायची. तिच्यातल्या सॅपोनिननं उरलेसुरले मासे मरतात आणि पुढे तीच पेंड खत होते.

दुसऱ्यांची पिल्लं मटकावणारा हाच मरळ स्वतःच्या लालसर पिल्लांच्या थव्याला मात्र जिवापाड जपतो. जवळ येईल त्याच्यावर आईबाप थेट धावून जातात.