दलदलीतला कंदील

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत ओलसर जंगलांची लांबच लांब पट्टी आहे. तेथील उंच सूचिपर्णी वृक्षांच्या सावलीत, जिथे पाणी साचून चिखल होतो, तिथे वसंताच्या सुरुवातीलाच भडक पिवळी 'फुले' वर येतात. तिकडचे लोक या वनस्पतीला 'स्वॅम्प लँटर्न', म्हणजे दलदलीतला कंदील म्हणतात. 'स्कंक कॅबेज' हे दुसरे नाव तिच्या उग्र वासामुळे पडले. स्कंक हा दुर्गंधी सोडणारा तिकडचा प्राणी. शास्त्रीय नाव लायसिकिटॉन अमेरिकानस.

फुले हा शब्द अवतरणात घातला, कारण तो पिवळा भाग फूल नव्हेच. ते एक रूपांतरित पान आहे. त्याला महाछद म्हणतात. खरी फुले आतल्या जाड दांड्यावर, म्हणजे स्थूलकणिशावर, शेकड्यांनी दाटीवाटीने बसलेली असतात.

ही रचना आपल्याला अगदीच परकी नाही. अळू, सुरण आणि कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर बाजारात येणारी शेवळे, सारी याच कुळातली. शेवळ उभे चिरून पाहा. दांड्यावर खाली मादीफुले, त्यांच्या वर नरफुले आणि टोकाला नुसताच दांडा दिसेल. लायसिकिटॉनची तऱ्हा वेगळी. तिचे प्रत्येक फूल द्विलिंगी असते, पण स्त्रीकेसर आधी पक्व होतो आणि परागकण मागाहून बाहेर पडतात. वासाने आणि रंगाने ओढले गेलेले छोटे भुंगेरे तेथे पराग खातात, तेथेच त्यांचे मीलनही होते आणि जाता-येता परागकण एका झाडाकडून दुसऱ्याकडे पोचतात.

नात्याची आणखी एक खूण म्हणजे खाज! कच्चे अळू घशाला का खाजते? त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात. तशाच त्या लायसिकिटॉनमध्येही आहेत. अळूच्या देठाचा एक थेंब रस काचपट्टीवर घेऊन शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर या सुया दिसू शकतात. शिक्षकांनी हे जरूर करून दाखवावे. हात मात्र लगेच धुवावेत. (खाज सुटली की पाठ चांगला लक्षात राहतो, हा मार्ग सुचवीत नाही!) तिकडच्या मूळ रहिवाशांनी पाने फारशी खाल्ली नाहीत, बोरांसारखी रानफळे वाळवताना खाली पसरायला ती वापरली.

शोभेची म्हणून ही वनस्पती 1901 च्या सुमारास ब्रिटनमध्ये आली आणि पुढे युरोपातल्या तळ्याकाठच्या बागांतून ओढ्यांत उतरली. बी पाण्याबरोबर वाहत जाते आणि चिखलात कित्येक वर्षे जिवंत राहते. झाड वाढते सावकाश, पण जगते दीर्घकाळ, आणि त्याची मीटरभर लांबीची पाने खालच्या शेवाळांवर व लहान वनस्पतींवर सावली धरतात. ते हळूहळू पसरते म्हणूनच, माझ्या मते, धोका उशिरा ध्यानात आला. युरोपीय संघाने 2016 मध्ये तिला उपद्रवी परदेशी जातींच्या यादीत घालून तिची विक्री आणि लागवड बंद केली. आता ओढ्याकाठची झाडे जाड मूलक्षोडासह खणून काढावी लागतात, आणि बियांतून नवी रोपे येत राहतात म्हणून त्याच जागी वर्षानुवर्षे फेऱ्या माराव्या लागतात.