हटेना तो ताप

ताप म्हणजे रोगाची वर्दी. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. अंगाची ऊब राखणे हे त्याचे काम. शरीरात जंतू शिरले की रक्तातून त्याला इशारा पोचतो आणि तो उष्णता वाढवतो. म्हणून आधी हुडहुडी भरते, मग अंग तापते. आता या जागीच किंवा तिच्या शेजारी गाठ वाढली, तर जंतू नसतानाही ताप येऊ शकतो. असे क्वचितच घडते, पण घडते.

गावाकडचा माणूस ताप हटेना म्हणजे अंधेरी-बोरिवलीला भावाकडे, नाहीतर मुलुंड-घाटकोपरला मेहुण्याकडे येतो. तिथे पालिकेच्या कूपर किंवा राजावाडी रुग्णालयात डॉक्टर प्रथम मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड शोधतात. पावसाळ्यात लेप्टोही, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. यांपैकी काही निघालं नाही, की क्षयाचा शोध. क्षयाचे जंतू मेंदूतही गाठ करतात. ती पुष्कळदा औषधांनी विरते, मात्र औषध महिनोन्‌महिने घ्यावे लागते. तेव्हा ‘डोक्यात गाठ’ एवढे ऐकूनच हातपाय गाळू नयेत.

१९६१ साली पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकन डॉक्टरांनी तीन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या, कारण न कळणाऱ्या तापाच्या १०० रोग्यांची हकीकत छापली. ३६ जणांना जंतुसंसर्ग निघाला, तर १९ जणांना कर्करोग किंवा त्या जातीचा विकार. म्हणजे शोध चिकाटीने घ्यावा लागतो.

मेंदूचा संशय केव्हा घ्यावा? सकाळी उठताच डोके दुखणे, ओकारी होणे, एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे, एकाएकी तहान व लघवी फार वाढणे, ही लक्षणे तापाबरोबर असली तर. शिक्षकांना ती घरच्यांच्याही आधी दिसतात. फळा न दिसणारे, अक्षर बिघडलेले, वर्गात पेंगणारे मूल आळशीच असते असे नाही.

घरी एक वही ठेवा. तारीख, वेळ, थर्मामीटरचा अंश आणि दिलेले औषध लिहा. दुकानातून आणलेल्या अर्धवट गोळ्यांनी ताप झाकतो, कारण तसेच राहते. ती वही डॉक्टरांना दाखवा.

आणि झटका आला, मान ताठली किंवा माणूस बरळू लागला, तर आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.